लढाऊ विमानाला लागलेलं कुंकू

दोन मित्रदेश भांडत होते आणि जीव आमचा टांगणीला लागला होता. एकानं दुसऱ्याला लढाऊ विमानं विकली होती. घेणारा म्हणे, विमानं वेळेवर येत नाहीत, पुढचा हप्ता मिळणार नाही. विकणारा म्हणे, हप्ता नाही तर विमान नाही. आणि त्या विमानाच्या चाकावरच्या झाकणाला बसणारा, तळहाताएवढा अ‍ॅल्युमिनियमचा ब्रॅकेट बनवून आम्ही इथं चिकलठाण्याच्या कारखान्याच्या शेडमध्ये बसलेलो!

नमुन्याचा तो एक पीस मंजूर झाला तर विकणाऱ्या देशाकडून मोठी ऑर्डर. नाही झाला तर शेड विकायचं, असं मालकांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. बिल्डरचा माणूस दोनदा येऊन टेप लावून जागाही मोजून गेला होता. मी तिथली क्वालिटीवाली. पुंडलिकनगरहून रोज स्कूटीवर येते. माझ्या सहीशिवाय पीस दाराबाहेर जात नाही आणि माझं डोकं लवकर तापतं, या दोन्ही गोष्टी शेडमध्ये सगळ्यांना पाठ आहेत.

पीस मी मोजला, पुसला, जाड पिशवीत घालून चिकटपट्टीनं सील केला. दुसऱ्या दिवशी तो परदेशी निघणार, तोच निरोप आला की थांबा. घेणाऱ्या देशाचा आता विकणाऱ्याच्या कागदांवर विश्वास उरला नव्हता. दोन्हीकडचे साहेब स्वतः येऊन पीस बघणार होते. कधी, ते मात्र भांडण जरा निवळल्यावर. पीस गेला कपाटात.

मग काय, जेवणाच्या सुट्टीत शेडमध्येच दोन देश झाले! मशीन लावून देणारे आमचे सेटरभाई खुलताबादहून येतात, ते घेणाऱ्याच्या बाजूनं. “माल नै दिए तो पैसा कायकू देना?” म्हणायचे. मालक डबा सोडून उठायचे, “अ‍ॅडव्हान्सशिवाय एवढा मोठा माल करून दाखव, मंग कळंल तुला!” लग्नात मानपानावरून व्याही भांडतात ना, तसं. मी दोघांना झापायची, “तुमच्या बापाची विमानं हैत का ती? गप जेवा की!” आणि सकाळी डोळे उघडल्या उघडल्या मीच आधी मोबाइलमध्ये बघायची, हप्ता दिला का मेल्यांनी.

महिनाभरानं मेल आला. येतायत! शेडला रंग लागला, फरशी पुसून पुसून झिजायची वेळ आली. त्या दिवशी मी नवी साडी नेसून वर ॲप्रन चढवला, सांगायला लाज कसली. विमानतळ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, तरी दोघं साहेब दोन वेगळ्या गाड्यांतून उतरले. बसले तेही मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून. विकणाऱ्यानं चहा घेतला म्हणून घेणाऱ्यानं घेतला नाही.

मी पिशवी कापली, पीस टेबलावर ठेवला आणि बघते तर काय! पिशवीतल्या पिशवीत पीसच्या बरोबर मध्यभागी लालसर डाग पडलेला!

“रस्ट?” घेणारा साहेब पुढं वाकला. अॅल्युमिनियमला कुठला गंज, पण डाग दिसत होता तसाच. विकणारा घाईघाईनं काहीतरी बोलला, त्यात ‘सप्लायर’ एवढं मला नीट कळलं. मी मागं वळून पाहिलं. ऑफिसच्या दारात वहिनी उभ्या होत्या, मालकांची बायको. तोंड एवढंसं झालेलं. कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याकडंच असायची.

“अगं, इतक्या लांब चालला होता पीस,” त्या पुटपुटल्या. “लेक घराबाहेर पडताना लावतोच की आपण. बोटभर ओलं कुंकू लावलं, अन् चिकटपट्टी पुन्हा नीट लावून ठेवली.”

दरवर्षी खंडेनवमीला वहिनी सगळ्या मशिनींना हळदकुंकू लावतात. आमच्या घरी बुद्धवंदना असते, मी त्यात हात घालत नाही आणि त्याही कधी आग्रह करत नाहीत. पण माझ्या सील केलेल्या पीसला? ओलं कुंकू महिनाभर बंद पिशवीत राहिलं आणि डाग धातूत उतरला. पुसून जाईना, घासावं तर माप जाणार. असा संताप आला म्हणून सांगू!

दोघा साहेबांनी आपापले पेन काढले आणि दोघांनी एकच शब्द लिहिला, रिजेक्ट. महिनाभर कशावरच न जमलेल्या दोन देशांचं आमच्या पीसवर मात्र झटक्यात जमलं! मालक मटकन स्टुलावर बसले.

“नो रस्ट!” मी ओरडलेच. “कुंकू! पूजा! पीस ओके, कुंकू मिस्टेक!” दोघं बघत राहिले. म्हटलं आता अब्रू गेलीच आहे, तर अजून काय जायचंय? “यू वेट. न्यू पीस. नाऊ. यू सी, यू अल्सो सी!”

त्यांचं विमान संध्याकाळचं होतं. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदा. आणि मान हलवली.

पुढचे काही तास माझ्या अजून अंगावर येतात. सेटरभाईंनी बिस्मिल्ला म्हणून धातूचा नवा ठोकळा मशीनवर बांधला. मशीन सुरू झालं, धातू थंड ठेवणाऱ्या पांढऱ्या पाण्याची धार पडायला लागली, चकचकीत चुरा उडायला लागला. पॅकिंगच्या बायकासुद्धा काम टाकून आल्या. दोघं साहेब एकाच काचेला डोकं लावून आत बघत होते. घेणाऱ्यानं मधेच चहा मागून घेतला आणि आमच्या सेटरभाईंनी मला डोळा मारला.

पीस निघाला. पण गरम पीस मोजत नाहीत, निवू द्यावा लागतो. ते थांबणं! वहिनी दोन्ही हात पाठीमागं बांधून भिंतीला चिकटून उभ्या. मग मी मोजायला घेतला. एकेक माप येत गेलं. शेवटचं छिद्र राहिलं, आत माप तपासायचा गेज घातला आणि माझ्या तोंडून निघालंच, “बसला! बसला रे!”

दोघांना मराठी येत नव्हतं, पण कळलं. सह्या झाल्या. पीस कुणी न्यायचा यावरून पुन्हा दोघांची जुंपली आणि शेवटी पिशवीला दोन सीलं लागली, एकेका देशाचं एकेक.

ते भांडण पुढंही बरंच चाललं. रोज सकाळी माझं मोबाइल बघणंही. शेवटी अर्धा हप्ता आधी, अर्धा विमानं आल्यावर, असं त्यांचं जमलं आणि आमची ऑर्डर आली. मालकांनी माझ्यासमोर बिल्डरच्या माणसाला फोन लावला. “टेप गुंडाळून ठेवा,” म्हणाले आणि बाजूला होऊन डोळे पुसले. मीही रडले, का नाही रडायचं?

पहिला माल निघाला त्या दिवशी टेम्पो दारात उभा होता. वहिनी आल्या, पण रिकाम्या हातानं.

“ताट कुठंय?” मी विचारलं.

“नको बाई. पुन्हा तुझं डोकं फिरायचं.”

मी ऑफिसात गेले आणि कुंकवाचं ताट माझ्या हातानं घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा.

“पीसला नाय, खोक्याला लावा,” मी म्हणाले. “आणि चांगलं दाबून लावा, दोन्ही देशांना दिसू द्या.”