भालेरावकाकांचा मेमो

भालेरावकाका स्वतःबद्दल 'मी' असं कधी लिहीत नसत. आमच्या ग्रंथालयात सूचनांची एक वही होती. तीत लोक 'पंखा खराब आहे, लक्ष द्या' असं खरडून जात. काकांची सूचना मात्र टपोऱ्या अक्षरात अर्धं पान असे. 'बुवापाडा येथील वाचक ग्रंथालयास अभिवादन करून आदरपूर्वक कळवतो की, वर्तमानपत्रांच्या टेबलावरील पंखा गेल्या मंगळवारपासून आवाज करीत आहे. ग्रंथालयाने दखल घेतल्यास वाचक ऋणी राहील. या संधीचा लाभ घेऊन वाचक ग्रंथालयाविषयीचा आपला परमोच्च आदर पुन्हा एकदा व्यक्त करतो.' खाली सही नाही, नुसती दोन आद्याक्षरं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा आपली टर उडवतोय.

मी तसं विचारलंही. तेव्हा ते जरा ओशाळले. "टर कशाला, मॅडम. अठ्ठावीस वर्षं हेच टाइप केलं. एका देशानं दुसऱ्या देशाला लिहायची हीच पद्धत. 'मी' नाय, 'तू' नाय. दूतावास मंत्रालयाला अभिवादन करतो, मग काय ती तक्रार, आणि शेवटी परमोच्च आदर. ह्याला नोट म्हणतात. लढाई सुरू असली तरी आदर सोडायचा नाय."

वामन भालेराव आपल्या परराष्ट्र खात्यात लघुलेखक होते. तीन देशांतल्या दूतावासांत त्यांनी नोकरी केली आणि निवृत्त होऊन बुवापाड्यातल्या दोन खोल्यांत परत आले. मी तेव्हा अंबरनाथच्या शिवमंदिराच्या रस्त्यावरच्या या ग्रंथालयात तात्पुरती ग्रंथपाल होते. दोन हजार चार-पाचचा काळ. भारनियमनाचं वेळापत्रक बघून दिवस आखायचा, असे ते दिवस. निवृत्त राजदूतांनी लिहिलेल्या पुस्तकांचं आमच्याकडे एक अख्खं कपाट होतं. कुणा देणगीदाराला त्यांचा शौक होता. ते कपाट उघडणारे काका एकटेच.

वाचून झालं की पुस्तक माझ्या टेबलावर ठेवत आणि निकाल सांगत. "ह्यात साहेब सारखे जेवतायत, मॅडम. दोनशे पानांत चौदा मेजवान्या." किंवा, "हे चांगलंय. ह्यांनी कबूल केलंय की त्यांना काय चाललंय ते समजत नव्हतं." मुत्सद्देगिरी म्हणजे गोड बोलणं, असं मी एकदा म्हणून गेले, तर त्यांनी चष्मा काढला. "गोड कुणीही बोलेल. कुठं थांबायचं ते कळलं पाहिजे. दूतावासात खरं बोलणारी दोनच माणसं, एक ड्रायव्हर आणि दुसरा टाइपरायटर." हे वाक्य त्यांचं आवडतं होतं आणि मी ते निदान वीस वेळा ऐकलं असेल.

मग एक दिवस त्या कपाटात एक नवं पुस्तक आलं. लेखक मराठी, निवृत्त राजदूत, आखातातल्या एका देशात काकांचे साहेब होते. मी कौतुकानं ते काकांसाठी बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधी ते पायरीवर बसलेले. पुस्तकात बोट घातलेलं. "हे वाचा," म्हणाले. आवाज नेहमीसारखाच खालचा होता.

त्या पानावर लिहिलं होतं ते असं. आपले सतरा कामगार एका ठेकेदाराच्या शेडमध्ये अडकले होते. पासपोर्ट ठेकेदाराकडे. दूतावासानं तिथल्या मंत्रालयाला दोन नोटा पाठवल्या, उत्तर नाही. 'तेव्हा मी विचारपूर्वक एक धाडसी निर्णय घेतला. तिसऱ्या नोटेतून मी आदर व्यक्त करणारा शेवटचा परिच्छेदच गाळला. जाणकारांना कळेल, की मुत्सद्द्यांच्या जगात ही जवळजवळ थप्पड असते. चार दिवसांत सतराही पासपोर्ट आमच्या टेबलावर होते.'

खरं काय घडलं होतं ते काकांनी त्या पायरीवर बसून मला सांगितलं. साहेबांनी तिसरी नोट सांगितली ती दुसरीचीच नक्कल होती. काका त्याच्या आदल्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या पायांनी त्या शेडवर जाऊन आले होते. पत्र्याखाली सतरा माणसं, त्यातला एक बदलापूर गावातला भोईर नावाचा वेल्डर, तापानं फणफणलेला. काकांनी नोट टाइप केली आणि शेवटचा परिच्छेद टाइपच केला नाही. साहेब बाहेर जायच्या घाईत होते. न वाचता आद्याक्षरं टाकली, शिक्का पडला, नोट गेली.

पासपोर्ट आले. पण त्याबरोबर तिथल्या मंत्रालयाची नाराजीही आली आणि दिल्लीहून विचारणा झाली, की हा प्रकार काय? साहेबांनी काकांना आत बोलावलं. काकांनी खरं ते सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "मुद्दाम केलं म्हणालास तर मी अडचणीत येतो. चुकून राहिलं असं लिहून दे. मेमो देतो, सहा महिन्यांत काढून टाकतो." काकांनी लिहून दिलं. मेमोत शब्द होते, 'टंकलेखनातील गंभीर निष्काळजीपणा'. सहा महिन्यांच्या आत साहेबांची बदली झाली, बढतीवर. मेमो राहिला. त्याच्यामुळे काकांची बढती अडली, मागून आलेली पोरं पुढे गेली आणि काका जिथे होते तिथूनच निवृत्त झाले.

मी संतापानं काहीबाही बोलत सुटले. चोर म्हणाले, आणखीही बरंच म्हणाले. काकांनी मला थांबवलं. "श्रेय घेऊ दे त्यांना. श्रेय साहेबांचंच असतं, तो रिवाजच आहे. पण मग मेमो खोटा ठरतो ना? त्यांनी मुद्दाम गाळला, तर मी निष्काळजी कसा? माझ्या कागदावर लिहिलंय की ह्याला काम येत नाय. तेवढं खोडा म्हणतो मी."

त्यांनी अर्ज केला. मेमोची प्रत, पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स, सगळं जोडून. दिल्लीहून उत्तर आलं, की तत्कालीन अधिकाऱ्याचं लेखी म्हणणं जोडल्याशिवाय जुन्या नोंदीचा फेरविचार करता येत नाही. म्हणजे साहेबांचं एक पत्र हवं. काकांनी साहेबांना दोन पत्रं पाठवली. उत्तर नाही. पुस्तकात मंत्रालयानं दोन नोटांना उत्तर दिलं नाही म्हणून साहेबांना केवढा राग आला होता, पान दीड पान नुसता राग होता. स्वतःच्या टेबलावर मात्र तो नियम लागू नसावा.

भोईर मला त्याच दिवसांत भेटला. दर जूनमध्ये तो बदलापूरची जांभळं करंडीभर घेऊन बुवापाड्यात यायचा. आता उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या फर्निचरच्या कारखान्यात लोखंडी कपाटं जोडायचा. काकांच्या घरी मी बसले होते तेव्हा तो म्हणाला, "काका नसतं तं आमी तठंच सरलो असतो, बाय. साहेबाला आमी कदी बघितलाच नाय." काकू आतून म्हणाल्या, "जांभळं घेऊन त्याला तसाच परत पाठवू नका, जेवायला बसवा." काका करंडीतली पानं बाजूला करत राहिले.

मग आमच्या व्याख्यानमालेला पाहुणे म्हणून तेच साहेब यायचे ठरले. विषय, 'आधुनिक मुत्सद्देगिरी: पडद्यामागच्या गोष्टी'. मी ग्रंथालयाच्या अध्यक्षांना सगळं सांगितलं. अध्यक्ष इथल्या सरकारी कारखान्यातले मोठे अधिकारी होते, निवृत्त झाले तरी सगळे त्यांना साहेबच म्हणत. ते म्हणाले, "अहो, एवढा मोठा माणूस अंबरनाथला येतोय. कारकुनांच्या भानगडी काढू नका." काकांना पहिल्या रांगेत बसवावं, एवढंच मी पुन्हा सुचवलं. पहिली रांग कार्यकारिणीची होती.

काका पाचव्या रांगेत बसले. इस्त्रीचा सफारी, खिशात घडी घातलेला कागद. भाषण रंगलं. साहेब बोलायचे फार सुरेख, ते नाकारून चालणार नाही. शेवटचा परिच्छेद गाळल्याची गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा हॉलमध्ये टाळ्या पडल्या. जनरेटरच्या घरघरीतही त्या नीट ऐकू आल्या. मी काकांकडे बघितलं. तेही टाळ्या वाजवत होते.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. माईक फिरवायचं काम माझ्याकडे होतं. काकांनी हात वर केला आणि मी सरळ त्यांच्याकडे गेले. ते उभे राहिले. "साहेब, नमस्कार. मी भालेराव." पहिल्यांदाच मी त्यांच्या तोंडून 'मी' इतकं ठासून ऐकलं. साहेबांनी डोळे बारीक केले, मग चेहरा फुलला. "अरे, हे आमचे भालेराव! मंडळी, हा माझा टायपिस्ट बरं का. आयुष्यात एक चूक केली नाही या माणसानं." पुन्हा टाळ्या. लोक वळून काकांकडे कौतुकानं बघू लागले.

काका टाळ्या संपायची वाट बघत उभे राहिले. मग म्हणाले, "साहेब, तेवढंच लिहून पाहिजे होतं. आता बोललात तेच. मी दोन पत्रं पाठवली होती."

साहेब हसले. "बोलू, नंतर बोलू."

"नंतर नको, साहेब. कागद आणलाय. एक ओळ आहे."

अध्यक्षांनी पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघून हाताची खूण केली. माझी नोकरी तात्पुरती होती, मार्चमध्ये कायम व्हायची होती. मी हात पुढे केला. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माईक माझ्या हातात दिला. ओढावा लागला नाही. मी स्वतःच्या तोंडानं म्हणाले, "पुढचा प्रश्न." पुढचा प्रश्न एका गृहस्थांनी विचारला, की परदेशात शाकाहारी माणसाच्या जेवणाची सोय कशी होते. साहेब त्यावर दहा मिनिटं बोलले. आभार मानताना अध्यक्षांनी साहेबांच्या साधेपणाचा दोनदा उल्लेख केला. काका कागद घेऊन गाडीपाशी उभे होते. गाडीची काच वर होती आणि ती तशीच गेली.

दुसऱ्या दिवशी काका आले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "जाऊ द्या, मॅडम. तुम्हाला वरून खूण झाली. मीपण वरून सांगितलं म्हणून एकदा लिहून दिलं होतं." मग खुर्ची ओढून बसले. "आता एक काम करा. साहेब काल माईकवर काय बोलले ते दोनशे माणसांनी ऐकलंय. तुम्ही ग्रंथालयाच्या लेटरहेडवर तेवढं लिहून द्या. तारीख, वेळ, आणि ते वाक्य. बाकी काय नको. अर्जाला जोडतो, बघू दिल्ली काय म्हणते."

मी अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, "पाहुण्यांच्या विरोधात आपण कागद द्यायचा? डोकं ठिकाणावर आहे का?" मी काकांना सांगितलं, जरा थांबा. मग सांगितलं, मार्च होऊ द्या. मार्चमध्ये मी कायम झाले. मग वार्षिक तपासणी होती, मग आणखी काही होतं. काकांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पुस्तकं नेत राहिले, निकाल सांगत राहिले. त्यांनी एकदा जरी आवाज चढवला असता तरी मी लिहून दिलं असतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. तेही खोटं आहे. त्यांच्यावर ढकलायची ती एक सोय होती.

त्यानंतरच्या पावसाळ्यात काका गेले. हृदयविकार, दोन तासांत सगळं संपलं. अंत्ययात्रेला भोईर आला होता आणि त्याच्याबरोबर कसाऱ्याहून, मुरबाडहून आलेली पाच-सहा माणसं, त्या सतरांपैकी. साहेबांना काकूंनी कळवलं होतं. साहेबांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाल्याची बातमी मी त्याच आठवड्यात वाचली. लोक मला म्हणतात, इतक्या वर्षांनी कशाला हा राग? मी साहेबांवर रागावते, अध्यक्षांवर रागावते, आणि मग रांगेत तिसरी मी उभी असते. माझ्याकडे लेटरहेड होतं, पेन होतं, आणि मी एक वाक्य लिहिलं नाही.

आता मी निवृत्त आहे आणि मला कायम करणारं किंवा काढणारं कुणी नाही. दिल्लीत त्या अर्जाची फाईल असेल का, मला माहीत नाही. लेटरहेडही नाही. तरी लिहून देते. त्या संध्याकाळी, अंबरनाथच्या आमच्या ग्रंथालयाच्या हॉलमध्ये, सव्वाआठच्या सुमारास, वामन भालेराव यांच्याकडे बोट दाखवून राजदूतसाहेब माईकवर म्हणाले, "आयुष्यात एक चूक केली नाही या माणसानं." मी तिथे हजर होते. मी ते माझ्या कानांनी ऐकलं आहे.