हळदीखालचा घोडेस्वार

मी बारामतीला फौजदार होतो, तेव्हाचं एक प्रकरण अजून काल घडल्यासारखं डोळ्यांपुढे उभं आहे. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले. पण समाधानाचा दिवस कोणता, असं कुणी विचारलं तर मी या साध्या चोरीचंच नाव घेतो.

फिर्यादी होते कॅनॉलचे निवृत्त ओव्हरसियर. गाव त्यांना रावसाहेब म्हणे. त्यांना नाद एकच, जुन्या डच नाण्यांचा. हॉलंड, झीलंड, उट्रेक्ट असे त्या देशाचे प्रांत, आणि पूर्वी प्रत्येक प्रांत आपलं वेगळं नाणं पाडायचा. त्यातली चांदीची मोठी नाणी त्यांनी उभ्या आयुष्यात जमवली होती. तलवार उगारलेला घोडेस्वार सगळ्यांवर तोच. प्रांत ओळखायचा तो घोड्याच्या पोटाखालच्या इवल्या ढालीवरून. फिर्याद लिहून घेताना त्यांनी मला त्या ढाली कागदावर काढून दाखवल्या. झीलंडचा सिंह म्हणे लाटांतून अर्धाच वर आलेला. घर लुटलं गेलं तरी या गृहस्थाची शिकवणी चालूच!

नाण्यांचं कपाट फोडलेलं नव्हतं, किल्लीने उघडून रिकामं केलं होतं. किल्लीची जागा घरच्या जुन्या गड्याला ठाऊक. झालं, हवालदाराने त्याला दंडाला दोरी बांधून भर बाजारातून चौकीवर आणलं. हा गडी लोणी भापकरचा, रावसाहेबांकडे केस पांढरे केलेला. तो रडला नाही, पाया पडला नाही.

"सायेब, म्या घेतलं न्हाय," तो म्हणाला. "पर ती चांदी कुनी आटवली, तर मी जल्माचा चोर ठरलो बगा."

त्याचं बरोबर होतं. एकदा चांदीचा गोळा झाला की पुरावा संपला. मी बारामती आणि इंदापूरच्या सोनारांकडे चौकशी केली. नाणी कुणाकडेच आली नव्हती. चांदी चोरणारा सोनाराची पायरी चढत नाही, हे काही माझ्या पचनी पडेना.

खबर आली ती एका कासाराकडून. हा बांगड्या भरायला गावोगाव फिरायचा. त्यामुळे घराघरातल्या गोष्टी त्याला आमच्या आधी कळत.

"पळसदेवला एका घरी जेजुरीचा नवा चांदीचा टाक आलाय," तो हसत म्हणाला. "देव्हाऱ्यात पूजा चाललीय जोरात. पर खंडोबा एकलाच! संगं म्हाळसाई न्हाय, कुत्रं बी न्हाय. रुसून ऱ्हायली जनू."

मी हातातला चहा तसाच ठेवला आणि उठलो.

पळसदेवला पोलीस पाटलांना बरोबर घेतलं, बूट बाहेर काढले आणि हात जोडूनच त्या घरात शिरलो. कुणाच्या देव्हाऱ्याला वर्दीने हात लावला असता तर गाव पेटलं असतं. टाकावर भंडाऱ्याचा थर असा बसला होता की घोडेस्वार आणि तलवार तेवढी दिसत होती. घरातले म्हातारे आबा म्हणाले, "कुनी दिला ते न्हाय सांगायचो. बेलभंडारा उचललाय म्या."

आता सगळा डाव कळला. चोराने नाणी देव म्हणून विकली होती, चांदीच्या कितीतरी पट भावाने, आणि वर नाव न सांगण्याची शपथ घातली होती. देव कोण आटवणार? देव्हाऱ्याची झडती कोण घेणार? पठ्ठ्याच्या अकलेला मी मनातल्या मनात सलाम केला.

"आबा, शपथ मोडू नका," मी म्हणालो. "पण हा टाक नाही, चोरीचं नाणं आहे. यापायी एक निरपराध माणूस कोठडीत बसलाय."

आबांनी देव्हाऱ्यापुढे हात जोडले. मग त्यांनी स्वतःच ते नाणं उचलून माझ्या ओंजळीत ठेवलं. "शपथ नावाची हाय, चांदीची न्हाय. न्या. पर त्यो मानूस सोडवा."

पंचनामा केला आणि भंडारा न पुसता नाणं तसंच आणलं. रावसाहेबांच्या घरात ऊठबस असलेला आणि पळसदेवच्या बाजूला फिरणारा माणूस एकच होता. त्यांना नाणी मिळवून देणारा चांदीचा दलाल.

दलाल चौकीत ऐटीत येऊन बसला. मी भंडाऱ्याने माखलेलं ते नाणं टेबलावर ठेवलं, तसा तो म्हणाला, "अशी नाणी पुष्कळ हाताळली साहेब, पण हे आज पहिल्यांदाच बघतोय."

मी नाणं उचलून त्याच्यापुढे धरलं. "हॉलंडचं दिसतंय. अगदीच मामुली माल."

"हॉलंडचं?" तो उसळला. "झीलंडचं आहे हे! मिळत नाही कुठे."

"कशावरून?"

"या ढालीवरच्या सिंहा..." एवढं बोलून तो थांबला. ढालीवर भंडाऱ्याचा थर होता, कडेची अक्षरं बुजली होती आणि मागची बाजू मी दाखवलीच नव्हती. नादी माणूस शिवी ऐकून घेतो, पण आपल्या मालाची कुणी चुकीची ओळख करून दिली तर त्याला राहवत नाही. पंचांसमक्ष त्याच्या घराची झडती घेतली, तेव्हा उरलेली नाणी ज्वारीच्या कणगीत सापडली. विकलेली दुसऱ्या गावांतून परत आली. एकही आटलं नव्हतं! त्या दिवशी मी चौकीत सगळ्यांना जिलबी वाटली.

गड्याला सोडताना मी म्हणालो, "मागच्या दाराने जा बाबा, लोकांच्या नजरा नकोत."

"न्हाय सायेब," तो म्हणाला. "बाजारातनं आनलंय, बाजारातनंच जानार. तुमी संगं चला."

मी टोपी चढवली, पट्टा आवळला आणि पुऱ्या वर्दीत त्याच्या शेजारून निघालो. दुकानदार एकेक करून उठून उभे राहिले. तो मान ताठ ठेवून चालत होता, आणि खरं सांगतो, माझी छाती त्याच्याहून जास्त फुगली होती. चोर पकडणं हे आमचं अर्धंच काम, हे मी त्या रस्त्यावर शिकलो. पुढे ज्या ज्या निरपराध माणसाला सोडलं, त्याला घराच्या उंबऱ्यापर्यंत मी स्वतः पोचवलं, तेही दिवसाउजेडी, भर बाजारातून.