शनवारी न फिरलेला घाणा

"मना नको शिकवू, नरेश. विमान कवा सुटतं ता मना ठावं हाय. पर जाऊन करू काय? बानं सांगून ठेवलंय, मातीला रूबेनची वाट बघायची नाय. कदीश धाकटा बोलंल."

रूबेन नवगावकर, वय चौपन्न, अलिबागेकडचा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू. सिंगापुरात वीस वर्षं लिफ्टी दुरुस्त करतो. क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरात, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, त्याच्यापुढं कॉफी निवत होती. बाप याकोब काल सांजेला गावी वारला. आज शनवार, शनवारी माती देत नाहीत, म्हणून दफन उद्या. आत्ता टॅक्सी धरली तर दुपारच्या विमानानं वेळेत पोचता येत होतं.

"पण काका, बापासाठीची ती कदीशची प्रार्थना थोरल्यानंच म्हणायची ना?" शेजारी राहणारा नागपूरचा नरेश म्हणाला.

"थोरलेपनच काढून घेतलं, तर?"

बेने इस्रायलांचा पिढीजात धंदा तेलाचा. शनवारी कामाला धर्मानं मनाई, घाणाही बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेलीच म्हणायचं. २००१ साली याकोब लेकाकडं राहायला आला. शनवारी फोन वाजला. पुंगोलला एक बाई तान्ह्या पोरासकट लिफ्टीत अडकली होती. रूबेननं हत्यारांची पिशवी उचलली, तर म्हातारा दारात आडवा.

"आपला घाणा कवा शनवारी फिरला नाय."

"बा, पोर गुदमरंल."

रूबेन गेला. म्हातारा दुसऱ्या दिवशी गावी परतला. सहा वर्षं लेकाशी बोलला नाही, आणि तसाच मेला.

"आन धाकटा शिमोन? मागल्या दारानं शनवारी तेल विकतो. अख्ख्या गावाला ठावं, फकस्त बाला नाय." रूबेन ओठ वाकडे करून हसला. "नाव ठेवताना तरी इचार करायचा. आमच्या पोथीतल्या त्या याकोबाचा थोरला बी रूबेनच. बापानं मरताना त्याचं थोरलेपन काढलं. त्याच्या भावांनी एका धाकट्या भावाला खड्ड्यात टाकला, तवा वर काढायचं याच्याच मनात होतं. ता कोन याद करतं?"

"मग जा ना. मातीजवळ उभे राहा. कोण हाकलतं बघू."

रूबेननं खिशातून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. घरून निघतानाच घेतला होता तर.

तेवढ्यात फोन. पलीकडच्याच ब्लॉकातल्या लिफ्टीत एक म्हातारी अडकलेली.

"आज दुसऱ्याला पाठवायला सांगा, विमान चुकेल!" नरेश ओरडला.

"दुसरा तासाभरानं येनार. तवर ती आत काय करंल?" त्यानं पासपोर्ट नरेशच्या हातात कोंबला. "ठेव तुझ्याकडं. लिफ्टीचं काम, माझ्या हातचं तेल लागंल त्याला."

ब्लॉकात जाऊन त्यानं लिफ्टीच्या दारावर थाप मारून सिंगापुरी बोलीत धीर दिला. "आंटी, डोन्ट वरी लाह!"

आणि किल्ली फिरवली.