वेटिंग रूममधले सहा मिशाळ

दाताच्या दवाखान्यात एक गंमत असते. आत खुर्चीत बसलं की तोंड उघडं असतं, पण बोलता येत नाही. बाहेर येताना गालात कापूस असतो, म्हणून बोलता येत नाही. त्यामुळं जे काय बोलायचं ते माणसं आधीच वेटिंग रूममध्ये उरकून घेतात! आणि ते ऐकायला समोर काउंटरवर मी असते. साताऱ्यात आमच्या मॅडमच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते, त्याला बारा वर्षं झाली. पेशंटच्या फायली कपाटात राहतात, किस्से माझ्याकडं साठतात. आणि वेटिंग रूममध्ये माशांची पेटी आल्यापासून तर ठेवायला जागा पुरेना झालीय!

*

पेटी आली ती टीव्हीमुळं. टीव्हीवर सतत कुणीतरी कुणावर तरी ओरडत असायचं, आणि आधीच घाबरलेला पेशंट आणखी घाबरायचा. मॅडम म्हणाल्या, "काहीतरी शांत ठेवूया इथं."

मॅडमचं माहेर सांगलीचं. तिथं माशांचं दुकान चालवणारे एक बापू त्यांच्या ओळखीचे. त्यांच्याकडून तीन फुटी पेटी घेतली, दहा-बारा इवले टेट्रा मासे घेतले, आणि मॅडम म्हणाल्या, "बापू, तळाशी राहणारा, कुणाशी न भांडणारा एखादा मासा द्या."

बापूंनी 'कोरी' दाखवला. दोन बोटांएवढा, पितळी अंगाचा आणि तोंडाला चक्क मिशा!

"कॅटफिश हाय मॅडम, पण नावावर जाऊ नका. लय गरीब जात. दिवसभर तळ हुंगत फिरंल. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. पण एक काम करा, सहा तरी न्या."

मॅडम म्हणाल्या, "आधी एक नेते. बघू जगतोय का."

तो एक जो फिल्टरच्या मागं जाऊन बसला, तो आठ दिवस बाहेर आला नाही. खाणं नाही, फिरणं नाही. मॅडमचा जीव खालीवर व्हायला लागला. शेवटी त्यांनी बापूंना फोन लावला, स्पीकरवर.

"बापू, मासा आजारी आहे वाटतं. कोपऱ्यातून हलत नाही."

"एकटाच ठेवलाय न्हवं अजून?"

"हो."

"आवं मग बरोबर हाय त्याचं! दाताच्या दवाखान्यात एकट्याला सोडल्यावर माणूस तरी हलंल का?"

पुढच्या रविवारी मॅडमनी आणखी पाच आणले. पिशवी सोडली आणि पाचच मिनिटांत पहिला फिल्टरमागून बाहेर येऊन त्यांच्यात मिसळला. तेव्हापासून सहाच्या सहा एका रांगेत फिरतात.

*

ती रांग सगळ्यात आवडली एका रिटायर्ड सुभेदारांना. कोरेगावकडचे. उंचापुरा गडी, मिशा कानापर्यंत. दाढ काढायला आले होते आणि पेटीसमोर उभेच राहिले.

"वा! काय डिसिप्लिन हाय! न्हाई तर ती वरची बारकी बघा, नुसती गर्दी!"

तेवढ्यात एका कोरीनं रांग सोडली, सरळ वर जाऊन हवेचा एक घोट घेतला आणि पुन्हा खाली येऊन जागेवर बसला. कोरी असं करतातच.

"ह्यो कुठं गेलता?" सुभेदारांनी मला विचारलं.

"हवा घ्यायला."

"मंजूर!" सुभेदार म्हणाले.

मग त्या माशानं त्यांना डोळा मारला. म्हणजे कोरी बुबुळ खाली फिरवतात, ते डोळा मारल्यासारखं दिसतं. सुभेदार एवढे खूश झाले की काय सांगू!

मी हाक मारली, "सुभेदार, चला, तुमचा नंबर."

"ह्या ताईंना जाऊ द्या आधी. त्यांचं लय दुखतंय."

ताई गेल्या. मी पुन्हा हाक मारली. "आजोबांना घ्या. वयस्कर माणूस." आजोबा गेले. मग एक कॉलेजची मुलगी गेली, मग एक मास्तर गेले. बॉर्डरवर पंचवीस वर्षं काढलेला माणूस एकेकाला पुढं घालत होता! शेवटी वेटिंग रूम रिकामी झाली.

"सुभेदार, आता तर कुणीच उरलं नाही."

सुभेदारांनी पेटीकडं बोट केलं. "हे सहा जण बसल्यात न्हवं अजून? त्यांस्नी घ्या की आधी!"

*

वर्षभरानं माझ्या लक्षात आलं, की एका कोरीच्या मिशा आखूड दिसतायत. मी मॅडमना बोलावलं. मॅडम डोळ्यांना दात तपासायचं भिंग लावूनच बाहेर आल्या, पेटीला नाक टेकवलं आणि म्हणाल्या, "झिजल्यात. दोघांच्या झिजल्यात!"

दोष आमचाच होता. दिसायला छान म्हणून आम्ही तळाला रंगीत खडी घातली होती. तिच्या कडा धारदार. बिचारे दिवसभर तिच्यात मिशा घालून खाणं शोधत होते. मला एवढं वाईट वाटलं की दुपारी डबा गोड लागेना. रोज आठ तास त्यांच्यासमोर बसून मला ते दिसलं नव्हतं.

बापूंनी बारीक, गोल दाण्याची वाळू पाठवली. "पण ताई, धुऊन घ्या. गढूळ पाणी निघायचं थांबंस्तोवर धुवायची."

दवाखान्यात जागा नव्हती, म्हणून मी पिशवी घरी नेली आणि अंगणात घमेलं घेऊन बसले. एक पाणी, दोन पाणी, पाच पाणी... सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. विसाव्या पाण्याला त्यांना राहवेना.

"का गं, आमच्या तांदळाला दोन पाणी, आन माशाच्या वाळूला वीस?"

दोन महिन्यांत मिशा परत वाढल्या. तांदूळ मात्र तेव्हापासून मी तीन पाण्यानं धुते!

*

दर सोमवारी मी पेटीतलं थोडं पाणी काढून नवं घालते. एका सोमवारी म्हसवडकडचे एक आजोबा कवळीचं माप द्यायला आले होते. जन्मभर मेंढरं राखलेली, आता थोडी शेती. मी बादली उचलून मोरीकडं निघाले तर आजोबा काठी टेकत उठले आणि दारात आडवे आले.

"पोरी, कुठं निघालीस पाणी घिऊन?"

"ओतायला, आजोबा. घाण झालंय."

"ह्याला घाण म्हनत्यात?" त्यांनी बादलीत वाकून बघितलं. "आमच्याकडं असलं पाणी दिसलं तर मेंढरांच्या आधी मी पिईन!"

मला लाज वाटली. जिन्यात कढीपत्त्याची एक मरतुकडी कुंडी होती. आजोबांनी माझ्याबरोबर येऊन, स्वतःच्या हातानं त्यातलं थोडं पाणी तिला घातलं. उरलेलं खालच्या जास्वंदीला.

मग परत येऊन पेटीसमोर बसले. मी विचारलं, "काय बघताय?"

"काय न्हाई. दर सोमवारी नवं पाणी. ऊन न्हाई, चालणं न्हाई, लांडगं न्हाई." त्यांनी हात जोडले. "सिद्धनाथा, पुढल्या जल्माला हितंच घाल रं बाबा! फकस्त तेवढं दात दिऊ नगंस!"

*

ऊसवाले एक पाटील बायकोला घेऊन आले होते. बायकोचा गाल सुजलेला, म्हणून सगळं बोलणं पाटलांकडं.

"हे कवा मोठं हुतील?"

"झालेत की मोठे. चार वर्षांचे आहेत."

"चार वर्सांत दोन बोटं?" पाटील माझ्याकडं कीव आल्यासारखं बघायला लागले. "खातंय काय?"

"गोळी. कधी उकडलेला वाटाणा, कधी काकडीची चकती."

"आन देतंय काय?"

"देत काही नाही. शांत असतात, एवढंच."

पाटलांना हे लय पटलं. बायकोकडं वळून म्हणाले, "ऐकलंस का? नुसतं शांत ऱ्हायलं तरी लोकं वाटाणं उकडून घालत्यात!"

पाटलीणबाईंनी गालावरचा हात काढला. सकाळपासून त्या पहिल्यांदा बोलत होत्या.

"मग तुमी ऱ्हाऊन बघा की!"

*

एकदा भूकंपाचा धक्का बसला. पेटीतलं पाणी हेलकावलं, काउंटरवरचा पेनस्टँड खडखडला आणि सगळे पेशंट जिन्याकडं पळाले. एकटे बसून राहिले ते कोयनानगरचे एक काका. धरणाच्या कॉलनीत उभी नोकरी झालेली.

"बसा, बसा," ते पेपर वाचता वाचता म्हणाले. "असल्याला आमच्याकडं चहाचा कप बी खाली ठेवत न्हाईत."

लोक परत आले. पण कुणाला तरी आठवलं, की मघाशी हे मिशावाले मासे फार वरखाली करत होते. झालं! "जनावरांना आधीच कळतं!" एकानं जाहीर केलं. दुसऱ्यानं माशांचा व्हिडिओ काढला. मी सांगत होते, की मघाशी मी खाण्याची डबी उघडली होती, डबीचा आवाज आला की ते असेच नाचतात. पण ऐकतंय कोण!

दुसऱ्या दिवशी एक तालमीतला पैलवान अक्कलदाढ काढायला आला. दाराएवढा गडी. कालची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. मी नेहमीसारखी डबी उघडली, आणि सहाही कोरी वरखाली करायला लागले.

पैलवान उठला. चप्पल पायात सरकवली.

"ताई, मॅडमना सांगा, भूकंप हून गेला की येतो!"

*

आणि आमच्या बाई.

बाई म्हणजे रिटायर्ड मुख्याध्यापिका. रूट कॅनॉलसाठी यायच्या. पहिल्याच दिवशी पेटी बघून म्हणाल्या, "कोंडलेला जीव बघायला मला आवडत नाही." त्यानंतर प्रत्येक वेळी त्या पेटीकडं पाठ करून बसायच्या. त्या यायच्या आधी मी हटकून एक खुर्ची तशी फिरवून ठेवायचे. वाद कोण घालणार!

त्या दिवशी मॅडमनी त्यांना वरच्या दाताला भुलीचं इंजेक्शन दिलं आणि "दहा मिनिटं बाहेर बसा" म्हणून सांगितलं. तेवढ्यात मी ओरडले. पेटीच्या काचेवर साबुदाण्याहून बारीक अंडी चिकटली होती! आणि टेट्रा ती टिपून खात होते.

मी बापूंना फोन लावला, स्पीकरवर. ते म्हणाले, "आधी अंडी बाजूला घ्या! बोटानं हलक्या हातानं सोडवा आन पेटीतलंच पाणी घालून येगळ्या भांड्यात ठेवा. उशीर केला तर एक ऱ्हायचं न्हाई!"

मी बाही वर केली आणि नेमका दुसरा फोन वाजला. दारात दोन नवे पेशंट उभे. मी गोंधळून गेले.

"वाजूला व्हा!"

बाई उभ्या होत्या. वरचा ओठ बधिर झालेला, त्यामुळं 'ब' उमटत नव्हता. त्यांनी बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या, पदर खोचला आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला.

एकेक अंडं त्या असं सोडवत होत्या, जसं काही झोपलेल्याच्या डोळ्यातलं कुसळ काढतायत. मॅडम बोलवायला आल्या. बाईंनी ओला हात नुसता वर केला. थांबा! मॅडमनी दुसरा पेशंट घेतला, मग तिसरा. अंडी संपेपर्यंत बाईंची भूल उतरली होती.

"दुसरं इंजेक्शन द्यावं लागेल, बाई," मॅडम म्हणाल्या.

"द्या."

चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लं निघाली. स्वल्पविरामाएवढी. त्यांना पेटीतच जाळीच्या एका कप्प्यात ठेवलं. बाईंचं काम त्याच आठवड्यात संपलं, दातावर कॅप बसली. मॅडम म्हणाल्या, "आता सहा महिने यायची गरज नाही."

दुसऱ्या दिवशी दहाला दवाखाना उघडला तर बाई दारात.

"दुखतंय का?" मी विचारलं.

त्या सरळ आत गेल्या. चष्मा पुसला आणि कप्प्याजवळ वाकून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत राहिल्या. मग सरळ झाल्या आणि माझ्याकडं असं बघितलं, की मी खुर्चीतून उभीच राहिले.

"काल एकोणीस होती. आज अठरा आहेत."

"असेल हो बाई, पानाखाली लपलं असेल एखादं."

बाईंनी आपली खुर्ची पेटीकडं फिरवली, पर्स मांडीवर घेतली आणि ताठ बसल्या.

"मग मी थांबते. एक पोर आत असताना मी कधी शाळेला कुलूप लावू दिलेलं नाही."