उशिरा आलेला चहा

जकार्तातल्या त्या बैठकीच्या दालनात कास्तिनी अठ्ठावीस वर्षं चहा देत होती, आणि एवढ्या काळात तिथे कुणी 'नाही' म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. आग्नेय आशियातल्या दहा देशांची माणसं जमायची. कर कमी करा, माल अडवू नका, नियम सारखे करा, असले विषय. पण मतदान नाही, हात वर करणं नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत हळू आवाजात बोलत राहायचं. एकाने जरी नकार दिला तरी विषय बारगळला. म्हणून नकार ओठांवर येण्याआधीच त्याला अडवायचं, ही तिथली रीत. आणि खरं सांगायचं तर ते काम कास्तिनीच्या चहाचं होतं.

अध्यक्ष हेंदार्तोंना सगळे 'पाक', म्हणजे साहेब, म्हणायचे आणि ते कास्तिनीला 'बू', म्हणजे बाई. ते दाराकडे नुसतं बघायचे. त्या नजरेसरशी ती ट्रे घेऊन आत शिरायची. आल्याची वाफ, केळीच्या पानात उकडलेली तांदळाची गोड नागासारी. माणसं उठायची, खिडकीपाशी दोघं-तिघं कुजबुजायची, आणि परत बसेपर्यंत तो नकार कुठे गेला ते कुणालाच आठवायचं नाही. दुपारच्या त्या गारव्यात सगळं पाण्याखाली चालल्यासारखं वाटे. मोठी माणसं, मऊ बोलणी. भांडखोर घरात जन्मलेल्या कास्तिनीला ते फार आवडायचं.

त्या दिवशी विषय सुक्या मासळीचा होता. सकाळीच पाक हेंदार्तो हसत म्हणाले, "बू, आज तुमच्या गावचा विषय बरं का! यापुढे मासे उन्हात नाही, यंत्रात सुकवायचे. दहाही देशांत एकच नियम."

"आणि ज्यांच्याकडे यंत्र नाही, त्यांनी काय करायचं?"

"त्यांचंही बघू हळूहळू."

मोठ्या लोकांचं 'बघू' म्हणजे काय, ते तिला शिकवायला नको होतं. तिच्या गावी, इंद्रमायूच्या किनाऱ्यावर, तिची धाकटी बहीण वारतिनी बांबूच्या तट्ट्यांवर मासे वाळवून तीन लेकरं पोसत होती. कास्तिनीने तिला फोन केला, तर ती फणकारली, "तू त्यांना चहा पाजतेस ना ताई? मग सांग की! का जन्मभर नुसती साखरच ढवळणार?"

दुपारी कास्तिनी दाराच्या फटीतून बघत उभी राहिली. कंबोडियाची प्रतिनिधी चन्नारी इतका वेळ गप्प होती. तिच्याही देशात सरोवराकाठच्या बायका मासेच वाळवतात, हे तिनेच एकदा चहा घेताना सांगितलं होतं. आता तिने समोरचा कागद पालथा घातला, घसा साफ केला. पाक हेंदार्तोंनी दाराकडे पाहिलं.

कास्तिनीचे पाय जागचे हलले नाहीत. किटली उकळून उकळून दमली होती. त्यांनी पुन्हा पाहिलं. तिने नजर कपांवर खिळवली.

"आम्हाला हे मान्य नाही," चन्नारी म्हणाली.

सगळं दालन झोपेतून दचकून उठल्यासारखं झालं. विषय बारगळला, वारतिनीचे मासे उन्हातच राहिले. पण आनंदाआधी कास्तिनीच्या मनात प्रश्नच आले. आपल्या चहाने अठ्ठावीस वर्षांत असे किती नकार गिळले असतील? त्यामागे कुणाकुणाच्या बहिणी असतील? तिला स्वतःची लाज वाटली.

बैठक उठली. पाक हेंदार्तो रागावले नाहीत; ते कधीच रागावत नसत. मागे बसून राहिलेल्या चार अधिकाऱ्यांसमोर मऊ आवाजात म्हणाले, "बू, दमलात तुम्ही. उद्यापासून खाली भांडारात बसा, कपबशा लावा. आम्हा सगळ्यांचं तसंच मत आहे. चालेल ना?"

चौघांनी माना डोलावल्या. गप्प बाईची संमती गृहीतच धरायची असते, तेव्हा उत्तरासाठी कुणी थांबलं नाही. सगळे उठून आपापले कागद गोळा करायला लागले.

"नाही चालणार, पाक," कास्तिनी म्हणाली.

कागदांवरचे हात थांबले, आणि पाचही जणांना पुन्हा खुर्चीत बसावं लागलं.