सलग सात आकडे

चाकणच्या एका कंपनीत मी चौदा वर्षं क्वालिटीत आहे. गाड्यांना लागणाऱ्या पिना आम्ही मोजतो. तासातासाला माप घ्यायचं आणि तक्त्यावर ठिपका मांडायचा. ठिपके मर्यादेत असले तरी सलग सात चढत गेले, तर मशीन थांबवायचं. सातच्या आधी थांबवलं की प्रॉडक्शनवाले अंगावर येतात आणि मला ते पटतं. दोन ठिपक्यांत घाबरणाऱ्या माणसाला मी कधी किंमत दिली नाही.

बायकोला अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली. काढलेल्या गाठीचा तुकडा तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही परत येणाऱ्यातली आहे. दर तीन महिन्यांनी रक्तातलं सीए-१२५, म्हणजे या कॅन्सरची खूण दाखवणारा आकडा, बघा. पस्तीसच्या आत असलं तरी चढायला लागलं की मला दाखवा." मी मान डोलावली. चढणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवावं असं नव्हतं.

रक्त आम्ही कुरुळीत घराजवळच्या लॅबला द्यायचो, रिपोर्ट माझ्या मोबाइलवर यायचा. कंपनीच्या कॉम्प्युटरवर मी तिचाही तक्ता केला आणि पस्तीसवर लाल रेघ ओढली. सात, दहा, पंधरा, एकवीस. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "भाऊ, वहिनींचं चढतंय." मी म्हणालो, "चारच झालेत." माझं मलाच कौतुक वाटलं.

त्याच सुमारास एकदा जेवताना ती म्हणाली, "अहो, दोन घास खाल्ले की पोट गच्च व्हायलंय. दाखवून यावं का?" आम्ही लातूरकडचे, तिची बोली अजून तशीच आहे. हॉस्पिटल पिंपरीला, म्हणजे माझी एक सुट्टी गेली. मी म्हणालो, "आकडा रेघेच्या खाली आहे. दुखणं पोटात नाही, तुझ्या डोक्यात आहे." हे मी मुलीसमोर आणि हसत बोललो, म्हणून मुलगीही हसली. त्यानंतर बायकोने पोटाचा विषय काढला नाही. साडी सोडून ती दिवसभर गाऊन घालायला लागली. मी तिला आळशी म्हणालो.

पाचवा आकडा अठ्ठावीस आला. अजून दोन बघू, असं मी ठरवलं.

सहाव्याची वेळच आली नाही. तिला आडवं झालं की दम लागायला लागला, तेव्हा मी सुट्टी टाकली. पोटात पाणी भरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट मागितले, तर मी मोबाइलवर तक्ता उघडून दाखवला आणि सातचा नियमही समजावून सांगितला. त्यांनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "आधी आणलं असतं तर त्यांचं आयुष्य वाढलं असतं, असं मी सांगू शकत नाही." ऐकून मला हायसं वाटलं. बायको समोर धापा टाकत बसलेली आणि मला खरोखर हायसं वाटलं, एवढा मी नालायक. त्यांचं वाक्य मात्र संपलं नव्हतं. "पण गेले चार-पाच महिने त्यांनी जे सोसलं, त्यातलं बरंचसं आम्ही थांबवलं असतं. तुम्ही फक्त त्यांचं ऐकायचं होतं."

तिला भरती करून घेतलं. सिस्टर फॉर्म घेऊन आली. पेशंटबद्दल काही सांगायचं झालं तर कुणाला फोन करायचा, असं तिने विचारलं. मी माझा नंबर सांगायला लागलो. चार आकडे झाले असतील.

"यांचा नको," बायको म्हणाली. "माझ्या भावाचा लिहा."

"भाऊ कुठे असतात?"

"लातूरला."

"अहो ताई, मिस्टर इथंच उभे आहेत की."

"हायेत ना," ती म्हणाली. "त्यांला सांगून बघितलंय मी."

सिस्टरने माझे चार आकडे खोडले आणि तिच्या भावाचा नंबर लिहून घेतला.