शुगर सोडून बोला

"शुगर सोडून बोला."

हे म्हणण्याआधी त्या बाई हातातल्या पेनाचं टोपण फॉर्मवर तीनदा टकटक आपटायच्या. बसायच्या खुर्चीच्या अगदी कडेला, पर्स खांद्यावर तशीच, एक पाय दाराच्या दिशेनं, आणि तो पाय सतत हलता. एसटी थांबायच्या आधीच दारात येऊन उभी राहणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. ह्या बाई खुर्चीवर बसूनही तशाच उभ्या असायच्या.

पहिल्या भेटीत मला त्यांचा रागच आला होता. यवतमाळच्या एका दवाखान्यात मधुमेहाच्या नव्या गोळीची चाचणी चालू होती. मी जुना मधुमेही. डॉक्टर म्हणाले म्हणून नाव दिलं. ठरलेल्या दिवशी सकाळी उपाशीपोटी, आपण काय काय खाल्लं नाही याची लांबलचक यादी पाठ करून गेलो. यादी चांगली होती. दिवाळीतले अनारसे तेवढे त्यातून वगळले होते. आणि ह्या म्हणतात, शुगर सोडून बोला!

"मग बोलू काय?"

"शुगर तं मशीन सांगते भाऊ. तिले अनारसे दिसतात. तुम्ही बाकीचं सांगा. झोप, पोट, राग, तोंडाची चव. खर्रा किती खाता?"

मी अनारशांचं नावही काढलं नव्हतं. ओठाच्या कडेला काही राहिलं की काय म्हणून मी रुमाल फिरवला.

चाचणीची रीत अशी. जुनी औषधं सगळ्यांना चालूच. नवी गोळी मात्र निम्म्या लोकांना खरी, आणि निम्म्यांना नुसती दिसायला तशी, आत औषध नसलेली. कोणाच्या बाटलीत कुठली, हे आम्हाला माहीत नाही, त्यांना नाही आणि डॉक्टरांनाही नाही. शेवटी एकदाच उघडायचं. प्रश्नांचा फॉर्म आठ पानी. सगळ्यात शेवटी 'इतर' म्हणून दोन ओळींची जागा. दुसरं कोणी असतं तर तिथं 'काही नाही' लिहून मोकळं झालं असतं. फॉर्मवाल्या ताई (आम्ही सगळे त्यांना हेच म्हणायचो) त्या दोन ओळींसाठीच दारव्ह्याहून रोज जीपमध्ये कोंबून घेऊन यायच्या.

"औषधाचं कसं हाय भाऊ, त्याले पाठवा एका घरी, अन् ते दुसऱ्याच्या घरी चाहा पिऊन येते. आपण इचारलं नाई तं आपल्याले कळत नाई."

मग सांगायच्या. शुगरसाठी निघालेली काही औषधं हृदयाला, मूत्रपिंडाला उपयोगी पडलेली दिसली. कुठंकुठं काहींची दारूची ओढ कमी झाल्यासारखी वाटली, म्हणून तिकडं आता त्याचा अभ्यास चालू आहे. आणि दर वेळी शेवटी, बोट वर करून, "पण खरं का खोटं, ते अजून पाहाचं हाय."

लोक त्यांना काहीही सांगायचे. कळंबच्या एका आजीबाईंनी सांगितलं, गोळी सुरू झाल्यापासून सुनेच्या हातची भाजी गोड लागते. ताईंनी 'चव' असं लिहून पुढं प्रश्नचिन्ह घातलं. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, मुलगा हल्ली माझ्याशी भांडत नाही. ताईंनी पेन थांबवून विचारलं, "तो भांडत नाई, का तुम्ही?" गुरुजींनी बराच विचार केला आणि पुढच्या महिन्यात सांगतो म्हणाले.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यांचा घरी फोन. मी चार वाक्यं बोललो की म्हणायच्या, "आता वहिनीले द्या." आमच्या सौभाग्यवतींना एवढी मन लावून ऐकणारी व्यक्ती लग्नानंतर प्रथमच मिळाली होती.

"भाऊ खरं बोलून राह्यले का वहिनी?"

"शुगरचं सोडा ताई," बायको माझ्याकडे बघत म्हणायची, "बाकीचं निम्मं खरं असते."

आता खर्ऱ्याचं. आमच्या भागात हे सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोट घोट घोटायचा आणि गालात धरायचा. मी तो वीस वर्षं धरला होता. माझ्या ऑफिसात जमिनीची मोजणी होते, आणि आम्हा कर्मचाऱ्यांत कोण कुठल्या ठेल्याचा खर्रा खातो, यावरून माणसाची किंमत होते. चौथ्या महिन्यात एकदा दुपारी खिशात हात घातला, तर सकाळची पुडी तशीच. उघडलेलीच नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. फोन येईपर्यंत आठवडा झाला होता.

मी फोनवर न सांगता दवाखान्यातच गेलो. एवढी मोठी गोष्ट तोंडावर सांगायला हवी होती. सांगितली, आणि ताईंचा पाय थांबला.

त्यांचा पाय थांबलेला मी प्रथमच पाहिला.

"परत सांगा."

परत सांगितलं. त्यांनी लिहिलं. दोन ओळी संपल्या, मग समासात लिहिलं, मग पान आडवं करून लिहिलं. मी फुगून ऑफिसात आलो. चार दिवस सगळ्यांना सांगत होतो की विज्ञान आता माझ्या तोंडाकडे बघून आहे. साहेबांनी फक्त एवढंच विचारलं की विज्ञान मोजणीचा नकाशा कधी देणार.

पाय का थांबला, हे कळलं पुढच्या आठवड्यात. काहीतरी सही राहिली म्हणून त्या घरी आल्या. बायकोनं बळेबळेच दिवाणावर बसवलं, म्हणजे दिवाणाच्या कडेवर. चहाचा कप हातात धरून त्या एकदम म्हणाल्या, "माह्या लहान्या भावाचं तोंड उघडत नाई."

आणि डाव्या हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडाजवळ नेली. "एवढं उघडाले पायजे माणसाचं. त्याचं दीड बोट उघडते."

भाऊ पांढरकवड्याचा, हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवायचा. जागं राहायला खर्रा, आणि मग खर्ऱ्यासाठी जागं राहणं. पोळी दुधात कालवून, चमच्याच्या टोकानं आत सरकवत होता. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन करता येईल, पण आधी खर्रा सोड. नाहीतर तोंड पुन्हा बंद होईल, आणि पुढं याहून वाईटही होऊ शकतं.

"सोडतो म्हंते. ढाब्यावर उतरला का पुन्हा घेते. मी त्याले मारलं बी एकदा. पन्नास किलोची मी अन् तो हा एवढा. रडला, पण सोडला नाई." मग कप खाली ठेवला. "तुमचा सुटला ना भाऊ? आपोआप सुटला ना?"

मी मान हलवली. त्या उठल्या. चहा अर्धाच होता.

मी कोणाला मदत करायला निघालो की आमच्या घरातले लोक काचेची भांडी उचलून ठेवतात. पण ह्या वेळी मी कोणाला सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून नवी गोळी तोंडात न टाकता बाजूला ठेवायला लागलो. एकवीस दिवसांच्या एकवीस गोळ्या. बांधायला चांगलं काही सापडेना, म्हणून खर्ऱ्याच्याच एका पन्नीत बांधल्या. पुढच्या वेळी ताई घरी आल्या तेव्हा ती पुडी त्यांच्यापुढं ठेवली.

"भावासाठी," मी म्हणालो. "रिकामी बाटली परत दिली की झालं. कोणाला कळतं?"

त्यांचा पाय एवढा हलायला लागला की टीपॉयवरच्या कपबशा किणकिणायला लागल्या. मग पुडी उचलली, पर्समध्ये टाकली, चेन लावली आणि चहाला न थांबता निघून गेल्या. मला फार बरं वाटलं. माणसानं चूक केल्यावर इतकं बरं वाटायला नको.

सकाळी साडेसातला दारावर थाप. दारव्ह्याहून पहिल्या जीपनं आल्या होत्या. केसांवर रस्त्याची धूळ. पुडी माझ्या हातात ठेवली, न उघडलेली.

"घ्या. अन् बसा, लिहाचं हाय."

"दिली नाही त्याला?"

"काल फोन करून बोलावलं होतं त्याले. समोर बसला होता. मी पर्स उघडली बी होती." त्या पहिल्यांदाच दिवाणावर नीट, मागं टेकून बसल्या. दमलेल्या दिसत होत्या. "त्याले शुगर नाई भाऊ. हे पोटात गेल्यावर त्याचं काय होईन, मले का माहीत? अन् समजा सुटला खर्रा. मी कायचं खरं मानू मग? तुमचा कागद बी खोटा, त्याचा बी खोटा. आठ पानं भरून मी खोटंच जमवून राह्यली होती का?"

फॉर्म काढला. टोपण तीनदा आपटलं.

"एकवीस गोळ्या घेतल्या नाई. काहून?"

"विसरलो."

"एकवीस दिवस?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "जेवाले तं एक दिवस नाई विसरले!"

ताईंनी लिहिलं, दुसऱ्याला देण्यासाठी ठेवल्या. आणि खाली आपल्याच हातानं आपलं नाव घालून लिहिलं, मी त्या घरी नेल्या व परत आणल्या. मी म्हणालो, अहो, हे तरी कशाला? त्या म्हणाल्या, "इतरमधी येते ना हे." याबद्दल पुढं डॉक्टरांनी त्यांना बरंच सुनावलं. नोकरी राहिली, एवढंच.

फॉर्म मिटता मिटता त्या थांबल्या.

"अन् ह्या एकवीस दिवसांत खर्रा किती खाल्ला?"

"एकही नाही," मी अभिमानानं म्हणालो.

मग बायको हात पुसत दारात आली. "म्हंजे? गोळी बंद, अन् खर्रा बी बंदच?"

माझ्या डोक्यात ते तेव्हा शिरलं. ताईंच्या डोक्यात आधीच शिरलं होतं. पेन कागदावर टेकवून त्या तशाच बसल्या होत्या, पाय थांबलेला. मग तेही लिहिलं. अक्षर मात्र नेहमीपेक्षा बारीक आलं.

चाचणी संपली आणि बाटल्यांची यादी उघडली, तेव्हा त्या स्वतः सांगायला आल्या. माझी गोळी नुसती दिसायलाच गोळी होती. पहिल्या दिवसापासून. बायको हसून हसून खाली बसली. "पिठाच्या गोळीनं सुटला बाप्पा यांचा खर्रा! अन् हे ऑफिसात भाषणं देऊन राह्यले होते!" मी हसण्याचा प्रयत्न केला. ती पुडी भावाला दिली असती, तर ताईंनी त्याला पीठच दिलं असतं.

ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ज्यांना खरी गोळी होती त्यांच्यात काहींचा खर्रा कमी झाला, काहींचा नाही. ते मोठे लोक पाहतील, आणखी चाचण्या होतील. "पण तुमचा काहून सुटला भाऊ? शुगर सोडून बोला."

मी जे सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो, कारण एवढं खरं मी क्वचितच बोललो आहे. म्हणालो, "ताई, शुगरबद्दल खोटं बोलायची मला सवय आहे. ते तयारच असतं. पण बाकीचं आजवर मला कोणी विचारलंच नव्हतं. त्यामुळं त्यातलं खोटं तयार नव्हतं. दर पहिल्या सोमवारी तुम्ही विचारणार, मग हिला विचारणार. खोटं जुळवण्यापेक्षा खर्रा न खाणं सोपं पडलं."

त्यांनी फॉर्मसाठी पर्स चाचपली. चाचणी संपली होती, फॉर्म नव्हता. "हे आता कुठं लिहू?" असं म्हणून त्या उठल्या, आणि उठता उठता स्वतःशीच बोलल्या, "त्याले तं मी नुसतं सोड, सोड म्हणून राह्यली. इचारलं कधीच नाई."

त्या दिवसापासून त्यांनी भावाला रोज फोन करायला सुरुवात केली. खर्रा सोड म्हणायचंच नाही. आज झोप किती झाली, भात कसा गिळला, राग कोणावर आला, आणि मग, किती खाल्ले? खोटं बोलला तरी ओरडायचं नाही, लिहून ठेवायचं. पाच महिने लागले. पोळ्याच्या सुमाराला त्यांचा मला फोन आला, "महिना झाला भाऊ, एक बी नाई." मागं जीपचा आवाज होता. त्या कायम कुठल्यातरी जीपमध्येच असायच्या.

नागपूरला ऑपरेशन झालं. त्यासाठी ताईंनी इथलं काम सोडलं, तिकडं खोली घेतली. आता दर सोमवारी फोन मी करायचा. ऑपरेशननंतर तोंड पुन्हा आवळू नये म्हणून दातांत आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक सरकवायच्या, दर काही दिवसांनी एक वाढवायची. वीस मावल्या की जवळजवळ तीन बोटं. दुखतं फार. तो ओरडतो, ह्या काडी सरकवतात. ओलावून काड्या फुगतात, मोडतात, सारख्या नव्या लागतात.

"आज अकरा," त्या सांगायच्या. पुढच्या सोमवारी, "बारा. रडला." मग, "चौदा, भाऊ!" मागच्या वेळी पंधरा होत्या. त्या म्हणाल्या, पुन्हा तेरावर आला होता, आज पंधरा.

त्यानंतरचे तीन सोमवार फोन लागत नाही. कामात असतील. नंबर बदलला असेल. मी खुर्चीच्या कडेला बसून पुन्हा लावतो. परवा बायकोनं माझ्या गुडघ्यावर हात दाबून धरला, तेव्हा कळलं, माझा पाय हलत होता.

काड्या मात्र जमवतो आहे. चौकातला कुल्फीवाला नुसत्या काड्या देत नाही, कुल्फी घ्या म्हणतो, मग मूठभर कोऱ्या काड्या वरून देतो. टेबलाच्या खणात आता मोठा जुडगा झाला आहे. काल बायकोनं खण उघडला. काड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती कुल्फ्या खाल्ल्या? शुगर किती झाली असन?"

"शुगर सोडून बोल," मी म्हणालो.

तिनं खण हळूच परत लावला. "विसाच्या वर हायेत ना?" एवढंच विचारलं, आणि फोन उचलून माझ्या हातात दिला.